अ‍ॅक्रिलिकच्या पेनावर उन्हात रेघा दिसतात, आणि टोकाला बारीक तडे. काय चुकतंय?

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. गेल्या दिवाळीत टेबलावर मावेल असा छोटा लेथ (खराद) घेतला आणि अ‍ॅक्रिलिकच्या कांड्यांपासून पेनं करायला लागलो. आजवर ११ झाली. १० वाटून टाकली, ज्यांना दिली त्यांना आवडली. अकरावं आत्यासाठी आहे. ती ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवून पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. तिला द्यायचं पेन मला निर्दोष हवंय, म्हणून हा धागा.

कांडी पाऊण इंच चौकोनी, ५ इंच लांब, निळी, आतून मोतिया झाक असलेली. किट (पेनाचे धातूचे सुटे भाग) ७ मिमी नळीचं, दोन तुकड्यांचं. मी केलं ते असं: कांडी कापली, लेथवरच भोक पाडलं, पितळेची नळी लगेच फेविक्विकने बसवली, टोकं सपाट केली, मॅन्ड्रेलवर, म्हणजे लेथच्या फिरत्या दांडीवर, चढवून कातलं. मग साधा वॉटर पेपर ४००, ८००, १२००, २००० (आकडा मोठा तेवढा कागद बारीक). त्यानंतर मायक्रोमेशच्या, म्हणजे मऊ पॉलिशपेपरच्या, ९ गाद्या, १५०० पासून १२००० पर्यंत. प्रत्येक कागदानंतर स्पिरिटने पुसून घेतलं. शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड.

घरातल्या ट्यूबलाइटखाली आरसा वाटतो. गच्चीवर उन्हात नेलं की पेनाभोवती गोल गोल बारीक रेघा दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. आणि जोडणी केल्यावर तिसऱ्या दिवशी खालच्या तुकड्याच्या टोकाशी केसासारखे तडे आले. हाताला लागत नाहीत, पण तिरपं धरलं की चमकतात. पोटात गोळा आला. त्याच रंगाची एकच कांडी उरली आहे, ती वाया घालवायची नाही.

मकरपुरा_खराद

तुमच्या दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. एकात दुसरी मिसळू नका. आधी मला सांगा, कातताना टूलवरून काय सुटत होतं? रिबन की भुगा?

सुरसागरकाठ

सुरुवातीला रिबन. शेवटी शेवटी पांढरा भुगा आणि थोडे टवके. मी म्हटलं पॉलिशपेपरने जाईल.

मकरपुरा_खराद

तिथेच सुरुवात झाली. मी मकरपुरा औद्योगिक वसाहतीत ३० वर्षं लेथवर काढली, बहुतेक लोखंड आणि पितळ. प्लास्टिक फार नंतर हातात आलं, तेव्हा कळलं की हे लोखंडापेक्षा लवकर बोलतं. टूलला धार असेल तर अ‍ॅक्रिलिकची लांब, सलग, ओल्या शेवयांसारखी रिबन सुटते, ती टूलरेस्टवर गुंडाळत जाते आणि मागे राहिलेला पृष्ठभाग जवळजवळ चकचकीतच असतो. आवाजही मऊ येतो, कापड फाडल्यासारखा सलग. धार गेली की आवाज खरखरतो, रिबन तुटते आणि पांढरा भुगा उडायला लागतो. भुगा दिसला की थांबायचं, धार लावायची, मग शेवटचे दोन-तीन हलके कट मारायचे. तुमच्या टूलने शेवटी कापलं नाही, ओरबाडलं. ते ओरखडे कागदाने काढायचे म्हणजे नाकी नऊ येतात.

आता कागद. लेथ फिरत असताना कागद धरला की त्याचा प्रत्येक कण पेनाभोवती एक कडं काढतो. पुढचा कागदही त्याच दिशेने फिरतो, म्हणजे जुन्या कड्याच्या शेजारी नवं कडं. जुनं गेलं की नाही ते डोळ्याला कळतच नाही, कारण दोन्ही एकाच दिशेला आहेत. म्हणून प्रत्येक नंबरानंतर लेथ बंद करा आणि तोच कागद हाताने पेनाच्या लांबीत, डावीकडून उजवीकडे फिरवा. एका हाताने चक (लेथचं पकडणारं तोंड) थोडा थोडा फिरवत सगळा घेर पुरा करा. एकही गोल रेघ उरली नाही, फक्त आडव्या उरल्या, असं दिसलं तरच पुढचा नंबर. पुढच्या नंबराची पहिली फेरी लेथ चालू ठेवून. त्याने आडव्या गेल्या की परत बंद आणि आडवं. वेळ लागतो, पण मी दुसरं काही सांगणार नाही.

बघायचं कसं? ट्यूबलाइट कामाची नाही, तिचा उजेड पसरट असतो. एकच छोटा दिवा, मोबाइलची बॅटरी चालेल, बाजूने तिरपी धरायची आणि पाणी पुसून कोरडं बघायचं. ओल्या पेनावर सगळंच चकचकतं, पाणी ओरखडे भरून टाकतं.

पांढरा_भुगा

खरादकाकांशी सहमत, पण यात अजून एक गोष्ट आहे. धागाकर्त्याने २००० च्या वॉटर पेपरनंतर मायक्रोमेशची १५०० ची गादी घेतली. हे पुढे जाणं नाही, मागे येणं आहे! मायक्रोमेशचे आकडे वेगळ्या मोजणीचे असतात. त्यांचं १५०० म्हणजे साध्या वॉटर पेपरच्या ४००-६०० च्या आसपास. तुम्ही २००० पर्यंत मेहनतीने गुळगुळीत केलेलं परत खरडून टाकलंत, आणि पुढच्या ८ गाद्यांना ते सगळं नव्याने काढावं लागलं. मी पहिलं वर्षभर हेच करत होतो. ४०० चा वॉटर पेपर झाला की सरळ मायक्रोमेशवर जा. मधले तीन कागद नकोत.

सुरसागरकाठ

हे माहीतच नव्हतं! आकडा बघून मला वाटलं ओघाने पुढे जातोय. बरं, मग १५०० ते १२००० या नऊंपैकी एखादी गाळता येते का?

पांढरा_भुगा

नाही. १५००, १८००, २४००, ३२००, ३६००, ४०००, ६०००, ८०००, १२०००, प्रत्येक गादी आधीच्या गादीचेच ओरखडे काढायला केलेली आहे. एक गाळली तर पुढचीला दुप्पट घासावं लागतं आणि तरी काही उरतंच. गाद्या पाण्यात भिजवलेल्या हव्यात, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. सुक्या फिरवल्यात तर अ‍ॅक्रिलिक तापतं आणि भुगा वितळून गादीत अडकतो, मग तोच ओरखडे काढतो. आणि प्रत्येक गादीनंतर पेन ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर आधीच्या गादीचा एखादा कण पुढच्या गादीखाली येतो.

राजवाडा_इंदूर

तड्यांबद्दल कोणी बोललं नाही अजून. मी इंदूरला पॉलिमरच्या धंद्यात आहे, म्हणून हे वाचून राहवलं नाही. दादा, तुमचा गुन्हेगार स्पिरिट आहे, आणि त्याला साथ दिली ती गरम कांडीने.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. ते साधारण १०५ अंशांना मऊ पडतं. भोक पाडताना ड्रिलच्या टोकाशी एवढी उष्णता सहज होते. भोकाच्या भिंतीला ताण बसतो, बाहेरून काही दिसत नाही. त्यात तुम्ही नळी लगेच बसवलीत. अ‍ॅक्रिलिक तापलं की पितळेच्या साधारण साडेतीनपट फुगतं आणि थंड होताना तेवढंच आक्रसतं. फुगलेल्या कांडीत नळी चिकटवली, कांडी थंड झाली आणि तिने नळीला आवळलं. आता तुमचा तुकडा कायमचा ताणलेला आहे. त्यावर स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोन लागलं की ते रेणूंच्या ताणलेल्या साखळ्यांमध्ये शिरतं आणि त्या तिथे सुटतात. तेच केसासारखे तडे. ताण नसलेल्या अ‍ॅक्रिलिकला एकदा स्पिरिट लागलं तर बहुधा काही होत नाही. ताण असलेल्याला तास-दोन तासांत होतं, कधी दोन-तीन दिवसांनी.

पडताळून बघायचं असेल तर कापलेल्या कांडीचे उरलेले दोन तुकडे घ्या. दोन्हींत तसंच घाईने भोक पाडा. एक फक्त पाण्याने पुसा, दुसऱ्यावर स्पिरिटचा बोळा ठेवा. उद्या बघा.

अलकापुरी_ताई

इंदूरकर, हे फार छान समजावलंत. माझ्याही एका पेनाला असेच तडे आले होते आणि मी कांडी विकणाऱ्याला दोष देत होते.

भोक पाडण्याबद्दल माझं थोडं. वेग कमी, ५००-६०० फेऱ्यांच्या आसपास. अर्धा-पाऊण सेंटिमीटर आत गेलं की ड्रिल पूर्ण बाहेर काढायचं, त्याच्या खाचांमध्ये अडकलेलं काढायचं, पाण्याचा एक फवारा, मग परत. बाहेर आलेली कतरण पांढरी आणि सुटी असेल तर ठीक. दोरीसारखी गोळा होऊन ड्रिलला चिकटली असेल तर आत वितळतंय. मी दर वेळी बोटाने कांडीला हात लावून बघते. कोमट चालेल, गरम लागली की १५ मिनिटं बाजूला.

दुसरं, आरपार भोक पाडू नका. कांडी एक सेंटिमीटर लांब कापा, शेवटपर्यंत न जाता थांबा आणि मग ते टोक करवतीने कापा. ड्रिल बाहेर पडताना टवका निघतो तो तिथेच राहतो.

सुरसागरकाठ

ताई, मी एका दमात आरपार गेलो होतो. कांडी हाताला चांगलीच गरम लागली होती, मला वाटलं तसंच असतं.

कोथरूडची_शाई

मी पेनं करत नाही, वापरते आणि जमवते. म्हणून एक सांगते, हे वाचून तुम्हाला धीर येईल. १९४१ साली आलेलं पार्कर ५१ हे याच अ‍ॅक्रिलिकचं होतं, तेव्हा त्याला ल्युसाइट म्हणत. त्यातली कितीतरी आजही लिहितात. त्याआधी सेल्युलॉइड, त्याच्याही आधी एबोनाइट, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. आपल्याकडे हातखरादीवर एबोनाइटचं पेन करायची परंपरा अजून जिवंत आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनाची गोष्ट मला फार आवडते. गांधीजींनी स्वदेशी वस्तू करा म्हटलं, त्यातून ते पेन तयार झालं, आणि १९३५ साली गांधीजींनी ते मिळाल्याचं पत्रही लिहिलं. तुमच्या आत्यांना हे नक्की सांगा.

सेल्युलॉइडची जुनी कांडी कुणी दिली तर मात्र लेथवर लावू नका. ते पटकन पेट घेतं.

हरिभक्ती_कट्टा

एक शंका. मी मध्ये डभोईच्या पुढे संखेड्याला गेलो होतो. तिथे सागवानी पाय खरादीवर फिरत असतात आणि कारागीर लाखेची कांडी नुसती टेकवतो, लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याचं पान फिरत्या लाकडावर धरतो आणि अशी झळाळी येते की डोळे दिपतात. ना ९ गाद्या, ना पाणी. अ‍ॅक्रिलिकवर असं काही का चालत नाही?

मकरपुरा_खराद

चांगलं विचारलंत. मी संखेड्याचं काम लहानपणापासून बघत आलोय, आमच्या आजोळचा पाळणा तिथलाच. तिथे घासण्याने तयार होणारी उष्णता हेच हत्यार आहे. लाख त्या उष्णतेने वितळायलाच हवी, तरच ती लाकडावर सारखी बसते, आणि केवड्याचं पान तिला दाबत, सपाट करत जातं. लाखेचा थर वरून चढतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये वरून काही चढवायचं नाही, जे आहे तेच सपाट होत जातं, आणि त्यात उष्णता आली की पृष्ठभाग ओढला जातो, धूसर होतो. खराद तीच, काम उलटं. त्यांचा हात बघायला मात्र जरूर जा. टूल टेकवताना ते खांद्यातून जोर देत नाहीत, कमरेतून देतात. ते मी तिथे शिकलो.

पांढरा_भुगा

लाकडाच्या पेनावर फेविक्विकचे थर देऊन चकाकी आणतात, ते बघून काही जण अ‍ॅक्रिलिकवरही तेच करतात. गरज नाही. पदार्थ स्वतःच चकाकणारा आहे.

शेवटच्या टप्प्याचं म्हणाल तर माझं मत बफच्या बाजूने आहे. सुती कापडाचा बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, त्यावर पॉलिशचा पांढरा साबण, मग दुसरा कोरा बफ. मायक्रोमेशपेक्षा खोल चमक येते.

मकरपुरा_खराद

बफला माझा विरोध नाही, पण नव्या माणसाच्या हातात बफ दिला की तो ओरखडे झाकायला बफ वापरतो. एकाच जागी दोन सेकंद जास्त दाबलं की तिथे खळगा पडतो, उन्हात लाट दिसते. आधी १२००० पर्यंत स्वच्छ करून दाखवा, मग बफ. बफ हलक्या हाताने, पेन सतत फिरतं ठेवून, आणि साबण थोडाच. टूथपेस्टने वगैरे करू नका. तिच्यात कण कसला आणि केवढा, तुम्हाला कळत नाही. गाडीचं चांगलं रबिंग कंपाउंड चालतं.

अलकापुरी_ताई

एवढं सगळं लिहिलं गेलं आणि मास्कचा विषय कुणी काढला नाही. कातताना चष्मा, घासताना मास्क. भुगा ओला असला तरी वाळल्यावर उडतोच. फेविक्विकची वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा. आणि लेथवर हातमोजे अजिबात नाहीत. मोज्याचा धागा गुंतला तर हात जातो. मी बांगड्या काढून, ओढणी बाजूला ठेवून, केस बांधूनच बटण दाबते.

आणि नळी बसवताना: नळी आधी पॉलिशपेपरने खरबरीत करा. तुमची कांडी मोतिया आहे, म्हणजे प्रकाश आत जाणार आणि पितळ पिवळं दिसणार. भोक आतून पांढऱ्या किंवा निळ्या रंगाने रंगवा, वाळू द्या, मग नळी. फेविक्विकऐवजी अ‍ॅराल्डाइट घ्या, ते थोडं लवचीक राहतं. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश होतं, पेन गाडीत राहिलं तर अ‍ॅक्रिलिक आणि पितळ वेगवेगळं फुगणार, कडक फेविक्विक तिथे सुटतं.

राजवाडा_इंदूर

ताईंच्या अ‍ॅराल्डाइटला माझं शंभर टक्के अनुमोदन. शिवाय शक्य असेल तर भोक पाडून, वरवर कातून, नळी बसवायच्या आधी तुकडे ८० अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास ठेवा आणि ओव्हन बंद करून आतच सावकाश थंड होऊ द्या. भोकाचा ताण निघून जातो. घरच्या ओव्हनचा आकडा भरवशाचा नसतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. १०० च्या जवळ गेलात तर कांडी वाकेल.

जोडताना टोकाशी तडे येण्याचं तिसरं कारणही असतं: नळीच्या तोंडाशी आत गोंद उरतो आणि टीप, म्हणजे पेनाचं धातूचं टोक, दाबून बसवताना नळी फुगते. आतून गोल कानसीने साफ करून घ्या. टीप हलक्या दाबाने जायला हवी.

मकरपुरा_खराद

आणि मॅन्ड्रेलचं नट फार आवळू नका. दांडी धनुष्यासारखी वाकते, पेन एका बाजूला जाड एका बाजूला बारीक होतं. बोटाने आवळून वर पाव फेरी बस.

सुरसागरकाठ (९ दिवसांनी)

उशिरा लिहितोय, कारण या वेळी कुठेही घाई करायची नाही असं ठरवलं होतं.

आधी इंदूरकरांचा प्रयोग. दोन तुकडे, दोन्ही घाईने भोक पाडलेले. पाण्याचा आजही स्वच्छ आहे. स्पिरिटचा त्याच संध्याकाळी तडकला, भोकाभोवती सूर्याच्या किरणांसारखे तडे. तो तुकडा मी लेथच्या वर खिळ्याला अडकवून ठेवलाय.

मग उरलेली कांडी. भोक पाडायला पूर्ण दुपार गेली, १४ वेळा ड्रिल बाहेर काढलं. कांडी एकदाही गरम होऊ दिली नाही. ८० अंशांना दोन तास, रात्रभर बंद ओव्हनमध्ये. आतून पांढरा रंग, दुसऱ्या दिवशी अ‍ॅराल्डाइट, पूर्ण एक दिवस थांबलो. कातताना तीनदा धार लावली. शेवटच्या कटाला रिबन जवळपास हातभर लांब सुटली आणि टूलखालून निळा पृष्ठभाग ओला असल्यासारखा निघाला. काका, तो आवाज आता मला ओळखता येतो. ४०० चा कागद, मग थेट गाद्या, दर गादीला लेथ बंद करून आडवं. ३२०० ला बॅटरी धरली तर मधोमध दोन गोल रेघा उरलेल्या दिसल्या. परत १५०० वर गेलो. तो एक तास जिवावर आला, पण गेलो. बफ वापरला नाही.

काल सकाळी ९ च्या उन्हात गच्चीवर नेलं. एकही रेघ नाही. आतला मोतिया रंग हलतो, पेन फिरवलं की ढग सरकल्यासारखा. आठ दिवसांच्या आत आत्याला द्यायचं होतं, ते काल संध्याकाळी दिलं. तिने रंगही न बघता आधी कागद मागितला आणि ग म भ न काढून बघितलं. फळ्यावर काढायची तसंच वळणदार. मग म्हणाली, "छान सरकतंय रे. पण माझं मधलं बोट दुखतं, खाली जरा जाड असतं तर धरायला बरं गेलं असतं."

तिच्या बोटाला संधिवात आहे, हे मला माहीत होतं आणि करताना डोक्यात आलंच नाही. नवी कांडी मागवली आहे, या वेळी खालचा तुकडा पोट ठेवून करायचा आहे. बुशिंगच्या (मॅन्ड्रेलवरच्या मापाच्या कड्यांच्या) मापापेक्षा किती जाड ठेवू? वरचा तुकडा तसाच बारीक ठेवला तर विचित्र दिसेल का?

मकरपुरा_खराद

टोकं दोन्ही बुशिंगलाच मिळाली पाहिजेत, नाहीतर टीप आणि मधली रिंग पायरीसारखी दिसेल. मधलं पोट टोकापेक्षा व्यासात दोन-अडीच मिमी जास्त ठेवा, पण सगळ्यात जाड जागा बरोबर मधे नको, टीपेकडून एक तृतीयांशावर घ्या, बोट तिथेच टेकतं. वरच्या तुकड्याला अर्धा-एक मिमी पोट द्या म्हणजे दोघं बहीणभाऊ दिसतील. आधी साध्या लाकडाच्या तुकड्यावर कातून आत्यांच्या हातात द्या, त्यांना धरून बघू दे, मग कांडीला हात लावा. रविवारी कमाटीबागेत सकाळी फिरायला येतो मी. लाकडाचा नमुना घेऊन या, कॅलिपर माझ्याकडे आहे.

अलकापुरी_ताई

मीही येते रविवारी. आणि तो तडकलेला तुकडा पण आणा हो, मला बघायचाय.